पहाटेची बोटं

हणमंतची बोटं सकाळी नऊच्या सुमाराला उघडायची आणि सिद्धोबा पहाटे पाचला उठायचा. आमच्या घरातली बहुतेक भांडणं या मधल्या वेळेत व्हायची.

हणमंत ऐवळे हा माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, लग्न झाल्यापासून म्हणते; तो मला उजू म्हणतो. इथे मात्र नावानं आणि अरेतुरेनं लिहिणार आहे. 'अहो' म्हणत माणसावर धड रागावता येत नाही.

देवशिंगीच्या सिद्धोबाला सनई वाजवून जागं करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या ऐवळ्यांच्या घराकडे आहे. नगारखान्यात तीन माणसं बसतात. एक नगाऱ्यावर, एक सनईवर आणि एक जण दुसरी सनई घेऊन एकच स्वर सलग धरून ठेवतो, त्याला सूर धरणं म्हणतात. मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. देवाला उठवायला माणूस लागतो हे मला कधी पटलं नाही. पण लग्नानंतर पहिल्या पहाटे अंथरुणात पडून मी हणमंतची सनई ऐकली आणि हा माणूस आपल्याला मिळाला याचा मला फार आनंद झाला. तो आनंद बरीच वर्षं टिकला. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

चाळिशीत त्याच्या कोपरांवर पांढुरके खवले धरले. मग डोक्यात. गावानं कोंडा म्हणून सोडून दिलं. मग नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडले आणि एका दिवाळीत उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून वेलची केळ्यासारखं झालं. सांगलीच्या डॉक्टर फडतरेबाईंनी बोट पाहिलं, कोपर पाहिलं, नखं पाहिली आणि रोगाचं नाव सांगितलं, सोरायटिक आर्थ्रायटिस. शरीराची राखण करणाऱ्या पेशी शरीरावरच उलटतात, कातडीवर आणि सांध्यांवर. रोग एकच, दुकानं दोन.

दुखायचं दिवसभर, पण छळायची ती सकाळ. झोपेतून उठला की हणमंतचे हात कुणीतरी सिमेंट ओतून ठेवल्यासारखे असायचे. मी पातेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी घ्यायची, त्यात त्याचे हात बुडवायची आणि पाण्यातच एकेक बोट उघडायची, वालाची शेंग सोलावी तसं, हळू, मधे थांबत. मग थोडं तेल, मग स्पंजचा चेंडू दाबायचा, मग अंगणात फेऱ्या. पडून राहिलं की आणखी धरतं, हालचाल केली की सुटतं, हे आम्ही दोघं शिकलो होतो.

"ऐवळेबाई, दमानं," तो म्हणायचा. "म्या काय तुमच्या नववी ब मधलं पोरगं न्हाई."

"नववी ब मधली पोरं इतकी कुरकुरत नाहीत," मी म्हणायची.

आम्ही हसायचोही. पण नगारखान्याची वेळ टळून गेलेली असायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. त्यांनी खवले गेले, दिवस सुसह्य झाला, पहाट मात्र जागची हलली नाही. काही महिने नगारा एकटाच वाजला. देवस्थानचे पंच रंगरावतात्या दारात येऊन म्हणाले, "हणमा, देव बिनसनईचा उठतुया. लोकं बोलाय लागली."

तेव्हा आमची प्रांजल उठली. सोळा वर्षांची होती. बापाच्या मांडीवर बसून ती लहानपणापासून सनई फुंकत आली होती. ऐवळ्यांच्या घरात आजवर बाईनं सनईला हात लावला नव्हता. "मी वाजवते," ती म्हणाली. रंगरावतात्यांनी तोंड वाकडं केलं, पण दुसरं कुणी नव्हतं. तात्पुरतं म्हणून बसवलेली पोरगी तीन वर्षं वाजवत राहिली, आणि दूरदूरच्या गावांहून लोक पहाटे तिला ऐकायला यायला लागले.

हणमंत नगारखान्याखालच्या पायरीवर शाल पांघरून, हात काखेत घालून बसायचा. लेकीचा अभिमान होता त्याला, मी शपथेवर सांगेन. आणि जळतही होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसायचं. घरी आल्यावर तो तिच्या चुका काढायचा आणि तिला त्या खऱ्याच वाटायच्या.

मग ते यंत्र आलं. त्याला कंपनीनं 'शामक' असं भारदस्त नाव दिलं होतं, पण रोगी त्याला बटण म्हणतात, कारण ते शर्टाच्या बटणाएवढंच असतं. मानेच्या कडेनं, हासळीच्या हाडाच्या वर, कातडीखाली बसवतात.

फडतरेबाईंनी आम्हाला ते समजावलं आणि मला ते इतकं आवडलं की पुढे मी ते वर्गातही शिकवलं. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाचा एक लांबलचक मज्जातंतू जातो. हृदय, फुप्फुसं, आतडी, सगळ्यांशी मेंदूचं बोलणं त्याच्यावरून चालतं. शरीरात सूज किती चढू द्यायची, याचा लगामही काही अंशी याच तंतूकडे आहे. सूज चढवणारी रसायनं उत्तररात्री वाढत जातात आणि उजाडता उजाडता शिखरावर असतात. त्यांना आवरणारं शरीराचं स्वतःचं औषध, कॉर्टिसोल, त्यानंतर कामावर येतं, आणि अशा रोग्यांमध्ये ते येतं तेही अपुरं. म्हणून सकाळ वाईट. बटण काय करतं, तर रक्तातली ही रसायनं मोजत राहतं आणि ती चढायला लागली की व्हेगसला बारीक विजेच्या टिचक्या मारतं. तंतू लगाम खेचतो. सूज चढतच नाही.

"म्हणजे दुखणं दाबलं जात नाही," बाई म्हणाल्या, "दुखण्याचं कारणच उठत नाही. पण एक लक्षात घ्या. सूज ही शरीराची ओरड असते. घरात चोर शिरला तरी शरीर तशीच ओरड करतं. बटणाला दोन्ही ओरडी सारख्याच ऐकू येतात. म्हणून आधी आत कुणी लपून बसलेलं नाही ना, ते बघावं लागतं."

लपून बसणारा म्हणजे मुख्यतः क्षयाचा जंतू. आपल्याकडे कितीतरी माणसांच्या छातीत तो वर्षानुवर्षं असतो. शरीर त्याच्याभोवती पेशींचा तट बांधतं आणि पहारा ठेवतं, माणूस मरेपर्यंत ठणठणीत राहतो. तो तट उभा राहतो तो याच सूज आणणाऱ्या रसायनांच्या जोरावर. त्यांना झोपवलं की पहारा उठला. हणमंतची त्यासाठीची रक्ततपासणी झाली, पण गोळ्या-इंजेक्शनांनी त्याचं रक्त इतकं मवाळ झालं होतं की निकाल ना हो आला ना नाही. दोनदा केली, दोनदा तेच. छातीचा फोटो स्वच्छ होता.

"मग मला तुमच्या सांगण्यावर जावं लागेल," बाई म्हणाल्या. "हणमंतराव, घरात कधी कुणाला क्षय झाला होता? आई, वडील, आजोबा?"

"न्हाई," हणमंत म्हणाला. "वडील दम्यानं गेलं."

मी शेजारीच बसले होते. माझ्याही कानावर दमाच आला होता. मी मान हलवली.

बटण बसवल्यावर काही आठवडे ते शरीराच्या सवयी शिकत राहिलं. मग एका पहाटे स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला म्हणून मी उठले, तर हणमंत चहा करत होता. शर्टाची सगळी बटणं त्यानं स्वतः लावली होती. मला पाहून त्यानं दोन्ही हात पुढे केले, मुठी मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या. मग तो ओट्याशी टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. मीही रडले. प्रांजल डोळे चोळत आली, काय झालंय ते तिला कळलं आणि तिनं त्याच्या मुठीवर डोकं टेकवलं.

"आप्पा, आता तुम्ही बसा सनईवर," ती म्हणाली. "मी सूर धरते."

"आगं, बसशील की चार दिस," तो म्हणाला. पण तोंडदेखलंच. त्याच पहाटे तो नगारखान्यात गेला. तीन वर्षांची जागा पोरीनं एका वाक्यात सोडली आणि बापानं ती उचलली. मला ते खटकलं होतं. पण त्याचा चेहरा असा फुलला होता की मी बोलले नाही.

पुढचे महिने आमच्या घरात सणासारखे गेले. हणमंत पहाटे वाजवायचा, लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायचा, दुपारी प्रांजलला रियाजाला बसवायचा. आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे, तिथे बाप-लेक समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायची. खिडकी घट्ट बंद. वारा लागला की सनईची पत्ती सुकते आणि स्वर चिरकतो, म्हणून ऐवळ्यांच्या घरात रियाजाच्या वेळी कुणी खिडकी उघडत नाही. खोलीत कोंदट व्हायचं. हणमंत लांबच्या लांब श्वास सोडायचा आणि प्रांजल तोच आत घ्यायची. तासन्‌तास.

तो जरा वाळला. आम्ही म्हटलं, माणूस हिंडाफिरायला लागला, चरबी झडली. खोकला नव्हता, ताप नव्हता, घाम नव्हता. कुठून असणार? ताप आणणारी रसायनं बटण चढूच देत नव्हतं, आणि खोकल्याची ढास ज्या तंतूवरून जाते तो व्हेगसच. त्याच्यावर बटणाच्या टिचक्या सतत चालू होत्या, त्यांत ती दबून जायची.

खोकायला लागली ती प्रांजल. आटपाडीच्या कॉलेजात ती रोज एसटीनं जायची, आम्हाला वाटलं धूळ. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू. हणमंत म्हणाला, "काय न्हाई, पत्ती नवी हाय, घसा कोरडा पडतुय. जेष्ठमध चघळ." पोरीनं बापाचं ऐकलं. ती बारीक ताप अंगावर काढत राहिली, सूर धरताना मधेच तिचा दम तुटायला लागला, तेव्हा कुठे मी तिला ओढून ग्रामीण रुग्णालयात नेली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले.

घरच्यांची तपासणी झाली. माझी स्वच्छ. हणमंतची नाही. खोकला नाही, ताप नाही, तरी थुंकीत जंतू. तिथल्या तरुण डॉक्टरनं सरळ हिशेब मांडला. मुलगी आधी आजारी पडली, मुलीपासून वडिलांना लागण. दोघांनाही औषधं सुरू झाली. तिथेच बाकावर बसून मी ते ऐकलं आणि मलाही ते बरोबर वाटलं.

गावाला तर ते फारच बरोबर वाटलं. रंगरावतात्या अंगणाच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "तवाच म्हनलो हुतो, पोरीला वर बसवू नगा. कॉलेजातनं रोग घिऊन आली आन्‌ बापाला दिला. हणमाचे हात आत्ता कुठं सुधारलं हुतं."

प्रांजल आत सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून ती घरातही तोंडाला मास्क बांधून राहायला लागली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी सांगितलं, अगं, हा रोग उष्ट्यानं पसरत नाही, श्वासानं पसरतो, आणि औषध सुरू आहे. ती म्हणाली, "आई, आप्पांना माझ्यामुळं झालं. त्यांना किती वर्षांनी चांगले दिवस आले होते." हणमंत तिथेच पत्ती तासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

फडतरेबाईंनी आम्हाला दोघांना सांगलीला बोलावलं. त्यांनी पडद्यावर छातीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे प्रांजलचा, उजवीकडे हणमंतचा. मला डॉक्टरकी येत नाही, पण फोटो बघता येतो. पोरीच्या फुप्फुसात विखुरलेले ठिपके होते. बापाच्या फुप्फुसात वरच्या बाजूला मोठं भोक होतं, कडा जाड झालेलं.

"असं भोक पडायला कित्येक महिने लागतात," बाई म्हणाल्या. "मुलीचं इतकं जुनं दिसत नाही. जंतूंची जनुकं तपासली असती तर कोण आधीचा ते कळलं असतं, पण यांचा नमुना प्रयोगशाळेत वाढलाच नाही. हणमंतराव, परत विचारते. घरात आधी कुणाला होता?"

"न्हाई."

बाईंनी नियम सांगितला. लागण बाहेरून झाली असेल तर औषधं घेत बटण चालू ठेवता येतं. पण आत दडलेला जुना क्षय बटणामुळे जागा झाला असेल, तर बटण कायमचं बंद. मग नगाऱ्यावरचा गडी, लग्नघरांतली माणसं, ज्यांच्या ज्यांच्या जवळ बसून यानं सनई वाजवली त्या सगळ्यांची तपासणी. "मला शंका आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या शंकेवरून मी तुमचे हात काढून घेणार नाही. विचार करून सांगा."

एसटी स्टँडवर बाकावर बसलो. मी म्हटलं, "अहो, मला खरं सांगा."

तो समोरच्या गाड्यांकडे वळला. मग म्हणाला, "म्या आठ वरसाचा आसंन. बा धोतरात रगत थुकायचा. आयनं सगळ्या पत्त्या चुलीत घातल्या आन्‌ मला म्हनली, कुनी इचारलं तर दमा म्हनायचं. छातीचा रोग हाय म्हनलं की वाजंत्र्याला कोन बोलावतंय? आमच्यात कुनीच सांगत न्हाई, उजू. दमाच म्हनत्यात."

"डॉक्टरांना सांगायचं होतं. बटण बसवायच्या आधी."

"सांगितलं आसतं तर बसवलं नसतं."

एवढं सरळ उत्तर त्यानं दिलं. मग मी म्हटलं, "पोरीला वाटतंय तिनं तुम्हाला रोग लावला. गाव तिच्या तोंडावर बोलतंय. तिला तरी सांगा."

"तिला सांगितलं की ती बाईंना सांगनार. तुजीच लेक हाय ती." त्यानं हात मांडीवर पालथे ठेवले. "तीन वरीस म्या जिता मेल्याला हुतो. पायरीवर बसून सोताच्या पोरीवर जळायचो. तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? मला परत तितं बसवू नगंस."

मला त्याची दया आली. ती यायला नको होती, पण आली. मी म्हटलं, "तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर ती तुमची बातमी होईल, तुम्ही सांगितलंत तर निदान बाप राहाल. येत्या रविवारपर्यंत. नाहीतर मी सांगणार."

"सांगतु. तिला जरा बरं वाटू दे," तो म्हणाला.

तिला बरं वाटलं नाही. डोकं दुखायला लागलं, उजेड सहन होईना, जेवलेलं उलटायला लागलं. मग एका सकाळी मी हाक मारली तर माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाई, आज पेपर आहे का?" ती मला शाळेतली कुणी बाई समजली होती. औषध सुरू व्हायच्या आधीच जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते. उशीर झाला होता तो ज्येष्ठमधाच्या दिवसांत. आम्ही तिला सांगलीच्या मोठ्या इस्पितळात हलवली. तिथे तिला सूज उतरवायची औषधं लावली, कारण आता तिला मारत होती ती जंतूंपेक्षा मेंदूतली सूज. बापाच्या अंगात जी उठत नव्हती तीच लेकीच्या डोक्यात मावत नव्हती. विज्ञानाची मास्तरीण असून मला त्या क्षणी विज्ञानाचा तिटकारा आला.

हणमंतची औषधं लागू पडली होती, त्याच्यापासून लागण होण्याचा धोका संपला होता, त्यामुळे त्याला आत सोडत होते. मी व्हरांड्यात त्याची मनगटं धरली. "आज शनिवार आहे," मी म्हटलं. "ती शुद्धीत आली की सांगा. रविवारची वाट बघू नका."

"व्हय," तो म्हणाला. "सांगतु. देवाशपथ."

दुपारी ती शुद्धीवर आली. डोळे स्वच्छ होते, आम्हा दोघांना तिनं ओळखलं. डॉक्टर म्हणाले, बोला तिच्याशी, असं अधूनमधून होतं. मी पायाशी उभी राहिले आणि हणमंतला उशाशी बसवलं. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "पहाटे वाजवता का अजून?"

"औषदं संपंस्तवर बंद हाय. मग वाजवनार."

"हात?"

"चांगले हायत."

तिला बरं वाटलेलं दिसलं. मग तिनं त्याचं बोट धरलं. "आप्पा, माझ्यामुळं झालं तुम्हाला. मी कॉलेजातनं आणला. तुम्ही काही बोलला नाहीत, मला एकदापण बोलला नाहीत. मला माफ करा."

मी हणमंतकडे बघत होते. एवढ्याचीच मी वाट बघत होते. तिनं स्वतः दार उघडून दिलं होतं, त्याला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. त्याच्या गळ्यापाशी, जिथे बटण आहे तिथली शीर उडत होती. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो तिच्याकडे वळला आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला,

"केलं माफ. आसं मनाला लावून घिऊ नगंस, बाळा. बापानं माफ केलं."

तिनं डोळे मिटले. चेहरा हलका झाला होता. "प्रांजल," मी म्हटलं, "ऐक, माझं ऐक," आणि पायाकडून उशाशी जायला दोन पावलं टाकली, पण ती झोपेत उतरली होती. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. आजोबा, दमा, बंद खिडकी, सगळं. मोठ्यानं सांगितलं. नर्स आली आणि मला बाजूला घेतलं. संध्याकाळी तिची शुद्ध पूर्ण गेली आणि रविवारी सकाळी ती गेली.

देवशिंगीत तिच्या दहाव्याला गर्दी झाली. रंगरावतात्यांनी सगळ्यांपुढे हणमंतच्या पाठीवर हात ठेवला. "पोरीनं एवढं केलं, तरी मरताना बापानं माफ केलं," ते म्हणाले. "मोठं मन लागतं त्याला." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नर्सकडून की कुणाकडून, ती माफीची गोष्ट गावात पोचली होती, मी तिच्या कानाशी बोललेली मात्र नाही. हणमंत खाली मान घालून बसला होता आणि कुणालाही नाही म्हणाला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी फडतरेबाईंचा फोन आला. आधी त्या प्रांजलबद्दल बोलल्या, मनापासून बोलल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "वाईट वेळ आहे, पण मला नोंद पूर्ण करावी लागेल. लागण मुलीकडून, असंच धरू ना? तसं असेल तर बटण चालू राहील."

फोनचा आवाज मोठा होता. हणमंत समोर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, हो म्हण म्हणून. हळूच पुटपुटला, "आता काय उपेग? ती तर गेली."

"नाही बाई," मी म्हटलं. "मुलीकडून नाही. यांच्या वडिलांना क्षय होता. यांना माहीत होतं."

मग बाई म्हणाल्या, "हणमंतराव, तुम्ही ऐकताय ना? हे खरं आहे?"

तो मला शिव्या देईल, फोन हिसकावून घेईल, निदान दम्याचं नाव तरी काढेल, असं मला वाटलं. त्यानं त्यातलं काही केलं नाही. हात मांडीवर ठेवून तो फोनकडे बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "खरं हाय. पोरीचा काय दोष नव्हता."

किती सहज म्हणाला. हेच तिच्या उशाशी म्हणायचं होतं. मी इतकी वर्षं त्याच्यासोबत काढली, पण त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. बाई विचारत होत्या की बटण कधी बंद करायचं, ते त्यांना तिथून बसल्या बसल्याही करता येतं, पण तयारीला थोडे दिवस हवे असतील तर थांबता येईल. मी म्हटलं, "आज करा," आणि फोन त्याच्यासमोर ठेवून बाहेर अंगणात गेले.